बारमालकाचा सत्कार? हो, बारमालकाचाच!

परभणी जिल्ह्यात पाण्याची टंचाई पडते, चांगल्या रस्त्यांची पडते, पण सत्काराची टंचाई आजवर कधी पडलेली नाही. शाल, श्रीफळ, फेटा, फ्लेक्स. गुत्तेदार समाजभूषण. प्लॉटिंगवाला समाजभूषण. निवडणूक जवळ आली की जीवनगौरवाची तर रांगच लागते. माझी कुणाच्या शालीबद्दल तक्रार नाही. ज्याला मिळाली त्याला लखलाभ.

मागे एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशाच एका पुरस्कारासाठी नावं मागवली होती. जिल्ह्याबाहेरचा माणूस चालेल असंही लिहिलं होतं. मी नाव सुचवलं, केशव सूरी. कोण म्हणे हा? मी सांगितलं, हॉटेलवाला आहे, नाईट क्लब चालवतो, समलिंगी आहे आणि ते लपवत नाही. पुढची पाच मिनिटं नुसत्या हसण्याच्या इमोजी. मग एका ज्येष्ठांनी विचारलं, "आता बारमालकाचे सत्कार करायचे का? आणि तेबी असल्या?"

प्रश्न मनापासून विचारला होता, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ग्रुपवर एवढं मावलं नसतं.

आधी माणूस कोण ते बघू

केशव सूरी हे ललित हॉटेल समूहाचे कार्यकारी संचालक. वडील ललित सूरी मोठे हॉटेल व्यावसायिक, राज्यसभेचे खासदार होते, २००६ साली गेले. २०११ मध्ये दिल्लीच्या त्यांच्या हॉटेलात 'किटी सू' नावाचा नाईट क्लब सुरू झाला. पुढं तो मुंबईतही आला, विमानतळाजवळच्या त्यांच्या हॉटेलात.

आता तारखा बघा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि १८६० सालचं इंग्रजांचं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. शिक्षा किती? दहा वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेप. अशा वेळी दुसरा धंदेवाला असता तर गुपचूप पाटी उतरवून बसला असता. कुणाला पाहिजे पोलिसांची कटकट?

या माणसानं उलट दार आणखी उघडलं. क्लबात ड्रॅगचे कार्यक्रम ठेवले, म्हणजे पुरुष कलाकारांनी स्त्रीवेशात गायचं, नाचायचं. (यावर हसणाऱ्यांनी आठवावं की स्त्रीवेशातल्या बालगंधर्वांवर अख्खा महाराष्ट्र जीव ओवाळून टाकत होता आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.) तृतीयपंथी माणसांना हॉटेलात नोकरी दिली. व्हीलचेअरवर बसून संगीत वाजवणारा डीजे ठेवला. आणि एप्रिल २०१८ मध्ये कलम ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावानं याचिका टाकली.

'स्वतःच्या नावानं' याचा अर्थ नीट समजून घ्या. जे कलम तुम्हाला गुन्हेगार म्हणतं, त्याच्यासमोर उभं राहून सही करून सांगायचं की होय, मी तोच. नातेवाईक वाचणार, बँकवाले वाचणार, गिऱ्हाईक वाचणार, कामगार वाचणार. आपल्याकडं लोक साध्या रेशनच्या तक्रारीवर नाव टाकत नाहीत, 'एक त्रस्त नागरिक' म्हणून लिहितात.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला. संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ गेलं.

हे एकट्या सूरींमुळं झालं असं कुणी म्हणत नाही. मूळ याचिका २०१६ ची, पाच जणांची. नृत्यकार नवतेजसिंग जोहर, पत्रकार सुनील मेहरा, रेस्टॉरंट चालवणाऱ्या शेफ रितू दालमिया, नीमराणा हॉटेल्सचे अमन नाथ आणि खाद्यपेयाच्या धंद्यातल्या आयेशा कपूर. आता बोटं मोजा. पाचातले तिघं कुठल्या धंद्यातले? हॉटेल, खाणं, पिणं. वरून सूरी चौथे. ज्या धंद्याचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो, त्या धंद्यातली माणसं या लढाईत नावानिशी उतरली. मोठमोठ्या संस्थांचे अध्यक्ष, कुलगुरू, साहित्यिक त्या वेळी काय करत होते ते ज्याचं त्यानं आठवावं.

"पण भाऊ, दारूचा धंदा ना शेवटी?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. दारूनं आपल्या जिल्ह्यातली किती घरं धुतली हे मला कुणी सांगायची गरज नाही. गावात आडवी बाटली करायला बाया रांगेत उभ्या राहतात तेव्हा मी त्यांच्या बाजूनं असतो, उद्याही असेन. दारू विकली म्हणून कुणाचा सत्कार करा असं मी म्हणतच नाही.

पण थोडा प्रामाणिकपणा ठेवू. गणपतीची, जयंतीची, क्रिकेट स्पर्धेची वर्गणी घेताना परमिट रूमवाल्याच्या पावतीवर 'सौजन्य' लिहायला आपला हात थरथरत नाही. त्याचा फोटो फ्लेक्सवर नेत्याच्या शेजारी चालतो. निवडणुकीत ओल्या पार्ट्या चालतात. तेव्हा दारू आठवत नाही. समलिंगी माणसाचं नाव निघालं की मात्र अचानक सगळे गांधीवादी होतात. म्हणजे खुपतंय दुसरंच काहीतरी. दारूचं नुसतं निमित्त.

खरा प्रश्न वेगळा आहे. या माणसांना भेटायला बारच का लागला?

विचार करा. आपल्या पोरापोरींना भेटायला काय काय आहे? लग्न आहे, जत्रा आहे, उरूस आहे, कॉलेजचं गॅदरिंग आहे, मंदिर, मशीद, विहार, भजनी मंडळ, तालीम, कट्टा आहे. समलिंगी पोराला यातलं सगळं आहे, फक्त स्वतःला घरी ठेवून जायचं. खरं सांगितलं की एकेक दार बंद. शेवटी उरतं ते अंधारं, पैसे मोजून आत सोडणारं, नाव न विचारणारं दार. तो बार. त्यांना बारमध्ये आपणच ढकललं आणि आता आपणच विचारतोय की तुम्ही बारमध्ये का बसता!

दार उघडं ठेवणं सोपं नसतं

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती फुगवून म्हणतो ना? मग एकदा जर्मनीचंच बघू. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये समलिंगी लोकांचे बार होते. माग्नुस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरची लैंगिकतेचा अभ्यास करणारी संस्था होती. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि पहिल्या काही महिन्यांतच ते बार बंद पाडले गेले. मे महिन्यात हिर्शफेल्डची संस्था लुटली, तिची पुस्तकं चौकात जाळली. हुकूमशहाला बारमधल्या बियरची भीती नव्हती. लपून जगणारी माणसं एका छताखाली बसली की एकमेकांना ओळखायला लागतात, त्याची भीती होती.

आता अमेरिकेत चला. सॅन फ्रान्सिस्कोत 'ब्लॅक कॅट' नावाचा बार होता. मालक सोल स्टूमेन. तो स्वतः समलिंगी नव्हता. तिथं समलिंगी गिऱ्हाईकं बसतात एवढ्याच कारणावरून त्याचा परवाना अडवला. गडी गप्प बसला नाही, कोर्टात गेला. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की केवळ अशी गिऱ्हाईकं येतात म्हणून परवाना थांबवता येत नाही. त्यानंतरही त्याला सुखानं धंदा करू दिला नाही आणि १९६३ मध्ये परवाना गेलाच. पण तेवढ्या वर्षांत त्या बारनं एक माणूस घडवला.

त्याचं नाव होसे सारिया. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. ब्लॅक कॅटमध्ये वेटर, आणि रात्री स्त्रीवेशात ऑपेरा गाणारा. तो गाता गाता लोकांना सांगायचा की पोलिसांनी पकडलं तर गुन्हा कबूल करू नका, खटला लढवा. १९६१ साली तो नगर प्रशासनाच्या निवडणुकीला उभा राहिला. उघडपणे समलिंगी असलेला अमेरिकेतला पहिला उमेदवार. पडला. पण साडेपाच हजारांवर मतं घेतली आणि त्या शहरातल्या पुढाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की या लोकांची मतं असतात. २००६ मध्ये शहरानं तिथल्या एका रस्त्याच्या तुकड्याला त्याचं नाव दिलं. बारमधल्या वेटरचं नाव रस्त्याला! आपल्याकडं चौकाला नाव देण्यावरून काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. ज्यांना कुठंच जागा नाही त्यांना जागा देणं हे समाजकार्य आहे. भाषणापेक्षा मोठं, पुतळ्यापेक्षा मोठं. आणि ती जागा कायद्याच्या, पोलिसांच्या, शेजाऱ्यांच्या रोषासमोर टिकवून धरणं हे नेतृत्व आहे.

महाराष्ट्रातही हेच झालं

मुंबईत कुलाब्याला गोकुळ नावाचा साधा बार. तिथं समलिंगी माणसं शांतपणे बसायची. तिथंच व्हूडू नावाच्या पबमध्ये शनिवारची रात्र त्यांची असायची. कायदा डोक्यावर होता तेव्हाची गोष्ट. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. आणि या हमसफरला बसायला जागा कुणी दिली? मुंबई महापालिकेनं, वाकोल्यातल्या आपल्या इमारतीत. तेव्हा ३७७ पूर्ण ताकदीनं लागू होतं. तरी कुणीतरी अधिकारी सही करून गेला. आभाळ कोसळलं नाही. एड्सच्या काळात त्या खोलीतून किती माणसांपर्यंत उपचाराची माहिती पोचली असेल याचा विचार करा.

पुण्यात बिंदुमाधव खिरे. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला मराठी माणूस. २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला, हेल्पलाईन चालवली, आणि मुख्य म्हणजे मराठीत पुस्तकं लिहिली. आईबापांना कळेल अशा भाषेत. त्यांनी बार काढला नाही, फोन उचलला. पण काम तेच. आपल्यासारख्या गावातल्या पोराला पहिल्यांदा आपल्या भाषेत कुणीतरी 'तू एकटा नाहीस' म्हणणं, ही पण जागाच आहे.

"श्रीमंताचं काय कौतुक?"

हा दुसरा आक्षेप, आणि यात दम आहे. खासदाराचा मुलगा, पंचतारांकित हॉटेल, मोठे वकील. त्यांच्या क्लबात आत जायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात आपल्याकडच्या पोराचा महिन्याचा मेसचा खर्च निघेल. मान्य. आणि हेही मान्य की ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं ते श्रीमंत नव्हते. लखनौत २००१ साली आरिफ जाफर नावाच्या कार्यकर्त्याला एचआयव्हीबद्दल माहिती देण्याचं काम करताना पकडलं आणि ४७ दिवस तुरुंगात ठेवलं. नंतर ३७७ च्या खटल्यात तोही याचिकाकर्ता होता. सत्काराची यादी करायची तर आरिफचं नाव सूरींच्या आधी लिहा, माझी हरकत नाही. उलट आनंद आहे.

पण श्रीमंती हा गुन्हा धरायचा तर सगळ्यांना एकच माप लावा. या देशात श्रीमंत समलिंगी माणसं त्या आधीही होती. पैसा होता, परदेशात घर होतं, गप्प राहिलं तर काही बिघडत नव्हतं. बहुतेक गप्पच राहिले. ज्याला गप्प राहणं परवडत होतं तो बोलला, म्हणून तर त्याची किंमत. आपल्याकडं साखरसम्राट, शिक्षणसम्राट कमी आहेत का? त्यातल्या एकानं तरी स्वतःच्या संस्थेत जाहीर सांगितलं का, की इथं समलिंगी पोराला कुणी छळलं तर खपवून घेणार नाही? ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी मी स्वतः हार घेऊन जाईन.

"आपल्याकडं असलं नसतं"

आता तिसरा आक्षेप, सगळ्यात लाडका. मुंबई-पुण्याची फॅडं म्हणे.

शेजारच्या विदर्भात, यवतमाळमध्ये २०१७ च्या डिसेंबरअखेर एका पुरुष जोडप्याचा विवाहसोहळा झाला. घरची माणसं, पाहुणे, हार, सगळं रीतसर. बातमी फुटली आणि चौकशीचे आदेश निघाले. दोन माणसांनी एकमेकांना हार घातले, याची चौकशी! सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा महिला प्रवर्गातला अर्ज नाकारला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, परवानगी आणली आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडून आल्या. तृतीयपंथी आणि समलिंगी हे एक नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण 'असलं' म्हणून दोघांना एकाच टोपलीत टाकणारे आपणच, म्हणून दोन्ही उदाहरणं दिली. गावं आपल्या कल्पनेपेक्षा शहाणी असतात. अडवायला पुढं येतात ते दुसरेच.

आणि परभणी? सेलूचं, जिंतूरचं, पालमचं पोरगं देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून मुंबईला जातं ते दर वेळी फक्त नोकरीसाठीच जातं असं समजू नका. काही पोरं श्वास घ्यायला जातात. मागं राहतात त्यांची लग्नं लावून देतो आपण. मग एक पोरगा आणि एक निर्दोष पोरगी, दोघांचं आयुष्य नासतं, आणि आपण म्हणतो 'आपल्याकडं असलं नसतं'. ज्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहिलं त्यांची नावं मी मेलो तरी सांगणार नाही. पण ती नावं याच नऊ तालुक्यांतली आहेत.

शेवटी संविधानाचं

हे शहर संविधानाबद्दल दुसऱ्या कुणाकडून शिकणार नाही. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि आपण रस्त्यावर आलो. त्याची किंमत या शहरानं मोजली. सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीत मृत्यू झाला.

तर मग ऐका. ३७७ चा निकाल ज्या कल्पनेवर उभा आहे ती बाबासाहेबांची आहे, संवैधानिक नैतिकता. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की ही नैतिकता माणसात आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते. समाजाच्या नैतिकतेला जे पटत नाही तेही संविधानाच्या नैतिकतेत हक्कानं जगू शकतं, असं न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, त्यात समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण वकीलपत्र घेताना त्यांनी 'लोक काय म्हणतील' विचारलं नाही. ज्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे त्यांना माझा एकच प्रश्न आहे. वकीलपत्र त्यांनी घेतलं होतं, आपण निदान टिंगल तरी बंद करणार का?

मग करायचं काय?

एक. असा सत्कार कराल तेव्हा पूर्ण माणसाचा करा. निमंत्रणपत्रिकेवर 'प्रसिद्ध हॉटेल उद्योजक' छापायचं आणि समलिंगी हा शब्द गाळायचा, असला चोरटा सन्मान नको. ज्यासाठी सत्कार तेच लपवणार असाल तर शाल परत ठेवा.

दोन. लढाई संपलेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे गुन्हा नाही, पण नातंही नाही. दवाखान्यात सही, घराचा वारसा, पेन्शन, सगळं अधांतरी. सत्काराच्या भाषणात हे बोला.

तीन, आणि हे महत्त्वाचं. बार नकोय ना? उत्तम. मग खोली द्या. जिल्हा ठिकाणी आठवड्यातून दोन तास, एक खोली, एक समुपदेशक, पाण्याचा माठ. ग्रंथालय द्या, कॉलेज द्या, समाजमंदिर द्या, कृषी विद्यापीठाच्या एवढ्या पसाऱ्यात एक कोपरा द्या. महापालिका वाकोल्यात देऊ शकते तर आपली का नाही? मेसवाले, लॉजवाले, खोली भाड्यानं देणारे काका-मावशी, तुम्ही पण. दोन पोरांनी खोली मागितली तर नको त्या चौकशा करू नका.

ज्या दिवशी परभणीत अशी एक खोली उघडेल, त्या दिवशी बारमालकाच्या सत्काराचा आग्रह मी सोडून देईन. खोली उघडणाऱ्याचा सत्कार करू.

तोवर माझं नाव त्या यादीत तसंच ठेवा. केशव सूरी, हॉटेलवाले, बारवाले, समलिंगी. खोडायचं असेल तर कारण लिहून खोडा. आणि कारणाखाली सही करा, स्वतःच्या नावानं.

(वाद घाला, स्वागत आहे. शिवीगाळ दिसली की ब्लॉक. ही पोस्ट गुपचूप वाचून लाईक न करता जाणाऱ्या पोरापोरींनो, तुमचं कळतं मला. काळजी घ्या.)